आमची वाटचाल : गोधडीच्या पोटात काय आहे?

आमच्याकडे गोधडी बघायला आलेलं माणूस आधी रंग बघतं, मग टाके बघतं, मग किंमत विचारतं. आत काय भरलंय हे फारसं कुणी विचारत नाही. आणि गेल्या अकरा वर्षांत आम्ही जो काही मार खाल्ला, तो सगळा या आतल्या भरीपायी.

सुरुवात वाईला, घरच्या ओसरीवर झाली. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी. आत्यांच्या ट्रंकेत जुनेर, म्हणजे वापरून जुनी झालेली लुगडी, भरपूर, त्यामुळे भरीचा प्रश्नच नव्हता. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर लांब. पाच फूट बाय साडेसात फुटांच्या गोधडीला दोन लुगड्यांत पाच थर बसतात, वर थोडं उरतं. शेकडो वेळा धुतलेलं, मऊ पडलेलं, आटायचं तेवढं आधीच आटून बसलेलं सुती कापड. त्याहून चांगली भर मी अजून पाहिलेली नाही. पण पुण्याच्या ऑर्डरी वाढल्या आणि वर्षाच्या आत ट्रंकेचा तळ दिसला. गावात मागायला गेलो तर लुगडी नेसणाऱ्या म्हाताऱ्या मोजक्या उरलेल्या, आणि सुनांच्या साड्या निघायच्या त्या नायलॉनच्या नाहीतर जॉर्जेटच्या.

मग बाजारातून पॉलिएस्टरची शीट आणली. रोलमध्ये मिळते, स्वस्त, फुगीर, वजनाला काहीच नाही. १०० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाची शीट एका गोधडीला जेमतेम साडेतीनशे ग्रॅम भरते. लुगड्यांची भर दीड किलोच्या आसपास जाते. मला वाटलं, झालं काम! आत्यांनी पहिली गोधडी हातावर तोलली आणि म्हणाल्या, "अगं, हे पांघरूण न्हाई, वारं हाय." मी हसण्यावारी नेलं. त्या हिवाळ्यात गडद निळ्या कापडाच्या बारा गोधड्या गेल्या. उन्हाळ्यात एका गिऱ्हाईक बाईंनी फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "ताई, गोधडीला पांढरे केस आलेत." खरंच आले होते. शीटमधले सुटे धागे धुताना, घासताना विरळ विणीच्या कापडातून आणि सुईच्या भोकांतून बाहेर येतात. पांढऱ्या कापडावर ते दिसत नाहीत, निळ्यावर मात्र लपत नाहीत. दुसऱ्या एकीनं गरम इस्त्री फिरवली, तर आतली शीट वितळून तिथे चपटा, कडक डाग पडला. बारापैकी पाच गोधड्या परत घेतल्या. पैसे दिले ते दिलेच, पण तोंड दाखवायची लाज वाटली.

चिडून अगदी दुसऱ्या टोकाला गेलो. पिंजारीकाकांकडून कापूस पिंजून आणला आणि तो भरला. उबेला काय सुरेख! पण आमच्या टाक्यांच्या ओळी तेव्हा चार-चार बोटांवर असायच्या. पहिल्या धुण्यात कापूस सरकला, कोपऱ्यात गोळे झाले आणि मध्ये नुसती दोन कापडं उरली. गोधडी खिडकीत धरली की नकाशा दिसायचा. काका शांतपणे म्हणाले, "ताई, हा गादीचा कापूस. याला ऊन दाखवायचं, पाणी नाही." आपल्याकडे घटस्थापनेआधी घरातलं झाडून सगळं पांघरूण ओढ्यावर नेऊन आपटायची पद्धत. तिथे न धुता येणारी गोधडी कोण घेणार?

शेवटी सुयांनी ठोकून घट्ट केलेली सुती शीट सापडली. ती सरकत नाही, केस सोडत नाही. पण आटते, पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच. साडेसात फुटांत म्हणजे तीन-चार इंच गेलेच. आता वरचं कापड आधी धुऊन घेतो, शीट कोमट पाण्यात नुसती भिजवून, न पिळता सावलीत वाळवतो. प्रत्येक नव्या रोलमधून एक फुटाचा चौकोन शिवायचा, तीनदा धुवायचा आणि मोजपट्टी लावायची. ते चौकोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, प्रत्येकाच्या कोपऱ्यात महिना-साल दोऱ्यानं घातलेलं. नवी बाई कामाला आली की पहिल्या दिवशी तिच्या हातात तोच डबा देते.

शिवणाऱ्या हातांचाही विचार भर निवडतानाच करावा लागतो, हे मला उशिरा कळलं. पातळ शीटवर आमच्या मावशी धावदोऱ्याचे चार-पाच टाके एकदम सुईवर घेतात. फुगीर शीटवर दोनच येतात. सहा दिवसांची गोधडी नऊ दिवसांवर जाते, आणि मजुरी नगावर असेल तर ते तीन दिवस कुणाच्या पदरचे? आम्ही आता जाड भरीला वेगळा दर लावला आहे.

बांबूची शीट आणा म्हणून बरेच जण सुचवतात. आणली, मऊ आहे, अंगावर छान पडते. पण बाजारात बांबू म्हणून येतो तो बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यावर रसायनांची प्रक्रिया करून काढलेला धागा, म्हणजे व्हिस्कोसच असतो, त्यामुळे त्या नावाचे जादा पैसे मोजायला माझा हात धजत नाही. लोकरीच्या वाटेला गेलोच नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, ती घोंगडीतच शोभते.

आता ऑर्डर घेताना मी आधी विचारते, पांघरणार कोण, धुणार कशात आणि वाळवणार कुठे? मुंबईच्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात दीड किलोची सुती गोधडी चार दिवस ओलीच राहते आणि मग वास मारते. तिथे मी स्वतःहून पातळ सुती शीट सुचवते. तान्ह्या बाळासाठी मात्र फक्त जुनेर, दोन किंवा तीन थर, बस्स.

जुनेर हल्ली गिऱ्हाईकच आणतं. दोन्ही हातांत धरून ताणायचं. फर्रकन फाटलं तर कुजलंय. शंका आली तर एक धागा जाळायचा. सुती असेल तर जळक्या कागदाचा वास येऊन राख होते, पॉलिएस्टर असेल तर टोकाला कडक मणी धरतो. गेल्या महिन्यात साताऱ्याहून एक ताई वारलेल्या आईच्या पाच साड्या घेऊन आल्या. चार सुती निघाल्या. पाचवीच्या धाग्याला मणी धरला, आणि नेमकी तीच आईची आवडती. आत्यांनी ती साडी हातात घेतली, काही न बोलता पदर कापला आणि त्याची चार बोटं रुंद पट्टी गोधडीच्या कडेनं चारी बाजूंनी लावली. आत मात्र चार सुतीच.