माझा हात कुठे गेला?

"मामा, यात माझा हात कुठे गेला?" हेडफोन काढत भाचा म्हणाला.

गोव्यातल्या शिवोलीत बर्लिनहून आलेल्या एका म्युझिक प्रोड्युसरने त्याचं घुमट (एका तोंडावर चामडं ताणलेलं मातीचं वाद्य) रेकॉर्ड केलं आणि प्रत्येक ठोका १४५ बीपीएमच्या (मिनिटाला १४५ ठोके) ग्रिडवर, म्हणजे संगणकातल्या समान अंतराच्या रेघांवर, नेमका बसवला. एका हाताची चामड्यावर थाप, दुसऱ्या तळव्याने मागचं तोंड झाकत-उघडत काढलेला घुमार, आरतीत किंचित रेंगाळणारा तो ठेका... सगळं सपाट!

पाहुणा मात्र खरा कानाचा निघाला. ग्रिड काढली, पुन्हा वाजवायला लावलं आणि मशीनचा किक (ड्रमचा जाड ठोका) भाच्याच्या हाताप्रमाणे सरकवला. अंगावर काटा आला.

गोवा ट्रान्स हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत १९९० च्या दशकापासून जगभर वाजतंय. घुमट गोव्याचं वारसा वाद्य ठरलं ते २०१९ मध्ये. ट्रॅकवर भाच्याचंही नाव हवं, हे मी आजच सांगून टाकलं. आपल्याकडचे किती वादक हे मागतात?