लेख इथून सुरू होतो

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या फलकावर सूचना लागली. 'गुरुवार दि. १४ रोजी पाणि पुरवठा बंद राहिल. सभासदांनी पाणी भरुन ठेवावे.' महापालिका, गुरुवार आणि कोरडा नळ हे त्रिकूट पुणेकरांना नवं नाही, त्यामुळे सूचनेचं कुणाला काही वाटलं नाही. पण तासाभरात त्या कागदावरून लाल बॉलपेन फिरलं. 'पाणि'ची वेलांटी दीर्घ झाली, 'पाणी' आणि 'पुरवठा' यांच्यामध्ये जोडणीची छोटी कमान आली, 'राहिल'चं 'राहील' झालं, 'भरुन'चं 'भरून'. काम नेटकं होतं. एवढंच राहिलं की त्या महिन्यात गुरुवार तेरा तारखेला होता.

निम्म्या इमारतीने वारावर विश्वास ठेवला, निम्म्या इमारतीने तारखेवर. मी तारखेवाला. गुरुवारी सकाळी तोंडात ब्रश घालून नळ सोडला, तर त्यातून दीर्घ ईकारासारखा एक सूर तेवढा आला. शेजारच्या वहिनींनी तांब्याभर पाणी दिलं आणि वर विचारलं, "ते लाल पेनवालं कोण हो? एवढं बारीक बघितलं, तर तारीख नाही का दिसली?"

मी चूळ भरत होतो, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. लाल पेन माझंच होतं.

सवय जुनी आहे. कॉलेज संपल्यावर चार वर्षं मी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. खिळ्यांचा छापखाना. शाई पुरती वाळायच्या आत गॅली, म्हणजे तपासायच्या कच्च्या छपाईचा लांब कागद, टेबलावर यायची आणि संध्याकाळपर्यंत मनगट काळं व्हायचं. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफात बघायचं. वाचणाऱ्याने विरामचिन्हंही उच्चारायची: "तो म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू मी येणार नाही पूर्णविराम अवतरण पूर्ण." घरी जेवतानाही माझ्या तोंडून एकदोनदा स्वल्पविराम निघालेला आहे. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले, त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. तरी 'कांहीं', 'नाहीं', 'जेव्हां' यांच्या डोक्यावर टिंबं देणारे वृद्ध लेखक हयात होते आणि हट्टी होते. त्यांच्या एकेका पानावरून मूठभर अनुस्वार निघत. ते वेचताना मला फार विद्वान असल्यासारखं वाटे.

छापखान्याचं एक मासिकही होतं. त्याचे संपादक म्हणजे अण्णा. अण्णांना ऱ्हस्व-दीर्घाचं, खरं सांगायचं तर, बेताचंच कळायचं. 'आणि' ते शेवटपर्यंत 'आणी' लिहीत. मनातून मी त्यांना कमी लेखायचो. मग एखाद्या दुपारी ते चष्मा कपाळावर चढवून माझ्या टेबलाशी येत आणि गॅली पुढे धरत. "हा गृहस्थ पान तीनवर एकुलता एक आहे. पान सातवर त्याला भाऊ कुठून आला?" ती कथा मी दोनदा वाचलेली असे. प्रत्येक वेलांटी तपासलेली असे. भाऊ मात्र माझ्या नाकाखालून आत शिरून जेवून गेलेला असे.

तेव्हापासून माझी एक समजूत झाली आहे. चुका काढणारी माणसं पुण्यात हवी तेवढी मिळतात. दुकानाच्या पाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नाही आणि ती भेटली की आपल्याला कळतंच. संपादक मात्र क्वचित भेटतो, आणि भेटला की आपल्याला त्याचा राग येतो.

मला तो साग्रसंगीत आला होता. नोकरी सुटली, मी अधूनमधून लिहू लागलो, आणि एका दिवाळी अंकासाठी पुण्याच्या सायकलींवर लेख पाठवला. दिवाळी अंकाची दिवाळी पावसाळ्यातच सुरू होते. जुलैअखेर मजकूर हातात हवा असतो. मी वेळेत दिला. पहिले दोन परिच्छेद चाकाच्या शोधावर होते. मानवी संस्कृती, गती, चाक आणि काळ यांचं नातं वगैरे. त्यांच्यावर माझे चार दिवस गेले होते. लेख परत आला तेव्हा ते दोन्ही परिच्छेद एका तिरक्या रेघेने आडवे झाले होते आणि तिसऱ्या परिच्छेदाशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'लेख इथून सुरू होतो.'

तिसऱ्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य असं होतं: 'आमच्या घरात एकच सायकल होती आणि माझी पाळी शुक्रवारी यायची.'

पुढेही पेन्सिलीच्या खुणा होत्या. 'असंख्य सायकली'खाली रेघ आणि प्रश्न, 'म्हणजे किती? मोजल्या होत्या?' एका ठिकाणी मी डायनॅमो पुढच्या चाकाला लावला होता आणि दोन पानांनी मागच्या. तिथे नुसतं लिहिलं होतं, 'कुठला खरा?' मला उत्तर येईना. मी धाकट्या भावाला फोन केला, त्याने आईला विचारलं. सायकलीला डायनॅमो नव्हताच, तो शेजाऱ्यांच्या सायकलीला होता.

दोन दिवस कुढून मी संपादकबाईंना फोन लावला. "बाई, निदान एक परिच्छेद तरी?"

"तुमच्याकडे बजाजची स्कूटर होती ना?"

"होती."

"सकाळी तिरकी केल्याशिवाय सुरू व्हायची नाही ना? ते दोन परिच्छेद म्हणजे तेच. तुम्ही तिरकी केलीत, सुरू झाली, छान झालं. आता ते लोकांना कशाला दाखवायचं?"

अंक निघाला. लक्ष्मी रस्त्यावर एक जुना मित्र भेटला आणि गर्दीतच थांबवून म्हणाला, "सुरुवात काय झकास केलीयेस रे! थेट शुक्रवार!" मी म्हणालो, "हो, सुचली तशी." हे वाक्य आजही मला टोचतं, पण दुरुस्त केलेलं नाही.

या जातीच्या संपादकांचं मराठीतलं सर्वांत मोठं घराणं मुंबईचं, गिरगावातलं, हे कबूल करताना पुणेकराची जीभ जराशी जड होते. 'मौज' प्रकाशनाचे आणि 'सत्यकथा' मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लांबलांब पत्रं लिहीत, पुन्हापुन्हा लिहायला लावत. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झालं. तिथून कथा परत आल्याचं दुःख सांगणारे लेखक मी पाहिले आहेत. त्यांच्या आवाजात त्या दुःखाबरोबर थोडी ऐटही असायची.

वर्तमानपत्राची गोष्ट निराळी. तिथे लेखकाला कुरवाळत बसायला वेळ नसतो. रात्री डेस्कवरचा उपसंपादक सहाशे शब्दांची बातमी दोनशेवर आणतो, मथळा देतो, पान सोडतो, आणि सकाळी लोक त्यावर इडली ठेवून खातात. पण शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांची एक ओळ असते, ती कधीतरी भिंग घेऊन वाचावी. मालक, मुद्रक, प्रकाशक, छापल्याचं ठिकाण, आणि मग संपादकाचं नाव. त्याच्यापुढे बहुधा एक चांदणी आणि कायद्याचा उल्लेख. अंकावर संपादकाचं नाव छापायची ही सक्ती १८६७ च्या कायद्यातली. आता त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला आहे. जुन्या कायद्याने संपादकाची व्याख्याच अशी केली होती: छापायच्या मजकुराच्या निवडीवर ज्याचं नियंत्रण असतं तो. भाषाप्रभू, विचारवंत असलं काही नाही. काय घ्यायचं आणि काय नाही हे ज्याने ठरवलं, तो. घोळ झाला तर पोलीस त्याच्याकडे येणार.

पुण्याने हे फार लवकर पाहिलं. केसरीचा पहिला अंक निघाला ४ जानेवारी १८८१ ला, संपादक आगरकर. इंग्रजी 'मराठा' टिळकांकडे. वर्षभरात कोल्हापूरचं प्रकरण उभं राहिलं. तिथल्या तरुण छत्रपतींचा छळ होतो आहे आणि त्यामागे कारभारी बर्वे आहेत, असं दाखवणारी पत्रं हाती आली. छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि पत्रं बनावट निघाली. माफीही मागून झाली, पण शिक्षा टळली नाही. दोघेही १८८२ मध्ये एकशे एक दिवस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात होते. ऐन पंचविशीतली, एवढी हुशार माणसं, हेतू चोख, भाषा धारदार. पण पत्रं खरी आहेत का, हे पुरतं बघायचं राहिलं. शाळेत हा धडा आम्हाला त्यागाचा म्हणून शिकवला होता. छापखान्यात बसल्यावर मला तो डायनॅमोचाही वाटू लागला.

पुढे १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावं लागलं, तेही केसरीतल्या लेखांसाठीच. ती बाब वेगळी, तिथे चूक नव्हती, उलट लिहिलेलं फारच बरोबर होतं. त्या काळी अग्रलेखाखाली सही नसायची. नाव असायचं ते अंकाचं, आणि अंक ज्याचा, मान त्याची.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीचा मोबाइलवरचा ग्रुप. तिथे रोज सकाळी एकशेवीस संपादक जागे होतात. धरण फुटल्याची बातमी, हळदीने बरा होणारा मधुमेह, कुणा थोर माणसाच्या तोंडी घातलेलं सुभाषित, आणि खाली हात जोडून 'आलं तसं पुढे पाठवलं'. या चार शब्दांत संपादकाचं सगळं कामच पुसून टाकलेलं आहे. मजा म्हणजे त्यातलं 'पाठवल' असं बिनटिंबाचं आलं, तर मी तत्काळ टिंब देतो. धरण फुटलंय का, हे मीही विचारत नाही.

अण्णांकडची माझी शेवटची आठवण मात्र सांगायची राहिली. एका संस्थेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका आमच्याकडे छपाईला होती, संपादन अण्णांचं. त्यात माजी अध्यक्षांची यादी होती. पंच्याहत्तर वर्षांची संस्था, त्यामुळे ओळीने 'कै.', 'कै.', 'कै.'. खिळे जुळवणाऱ्याचा हात त्या लयीत गेला आणि शेवटच्या नावालाही 'कै.' लागलं. ते गृहस्थ सदाशिव पेठेत हयात होते, समारंभाला पहिल्या रांगेत बसणार होते. यादीचं प्रूफ मी वाचलं होतं. 'कै.'पुढचं टिंब सगळीकडे आहे ना, हेही बघितलं होतं.

समारंभाच्या आदल्या दिवशी अण्णांना ते दिसलं. अंक बांधून तयार. शुद्धिपत्र चिकटवायचं म्हटलं तरी त्यात लिहायचं काय? 'पान १४ वर कै. ऐवजी श्री. वाचावे'? अण्णा काही बोलले नाहीत. खुंटीवरचा कोट घातला, एक प्रत उचलली आणि मला म्हणाले, "चल." वाटेत चितळ्यांकडे थांबून पेढे घेतले.

गृहस्थांनी दार उघडलं. अण्णांनी प्रत उघडून पुढे केली आणि म्हणाले, "चूक माझी आहे." मी मागे पेढ्यांचा पुडा धरून उभा. म्हाताऱ्याने ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग खिशातलं पेन काढलं, 'कै.' खोडलं, वर स्वच्छ अक्षरात 'श्री.' लिहिलं आणि शेजारी तारीख घातली.

"ही प्रत तुमच्याकडे ठेवा," ते म्हणाले. "आणि पुढच्या आवृत्तीच्या वेळी आधी एक फोन करून विचारा."

पेढे मात्र ठेवून घेतले.