होगार्थची अर्धी प्रत, नोंद 5: कोटाचा काळा पुन्हा मेला

अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याच्या 'मॅरेज आ-ला-मोड' मालिकेतल्या 'तेत-आ-तेत' या तैलचित्राची निम्म्या आकाराची प्रत करणं चालू आहे. त्यातल्या नवऱ्याच्या गडद कोटावर दुसरा थर चढला. ओला असताना मखमल वाटत होता, सहाव्या दिवशी कोपराशी आणि मांडीवर खडू फासल्यासारखे राखाडी डाग आले.

वरच्या थरातलं तेल खालच्याने पिऊन टाकलं. तेल गेलं की रंगाचे कण उघडे पडतात, प्रकाश विखुरतो आणि काळा फिका दिसतो. इथे दोष दोन: तयार कॅनव्हासवरचा अ‍ॅक्रिलिक जेसो (रंगाआधीचं पांढरं अस्तर) फार तहानलेला, आणि त्यावरचं रॉ अंबर या मातकट तपकिरी रंगाचं अंडरपेंटिंग, म्हणजे खालचा पहिला थर, टर्पेंटाइनने गरजेपेक्षा पातळ केलेलं. नवा कॅनव्हास आणला की कडेला जवसाच्या तेलाचा एक थेंब टाकून बघा. दहा मिनिटांत चमक गेली, तर गडद रंग त्यावर मरणारच.

उपाय ऑइलिंग आउट, म्हणजे मेलेल्या जागी पुन्हा तेल मुरवणं. थर हाताला पूर्ण कोरडा हवा. एक भाग स्टँड ऑइल (तापवून घट्ट केलेलं जवसाचं तेल), दोन भाग बिनवासाचं स्पिरिट. धागे न सुटणाऱ्या फडक्याने फक्त डागांवर चोळायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून काढायचं. उरलेलं तेल पुढे पिवळं पडतं. फडकी पसरून वाळवा. बोळा करून टाकली तर जवसाच्या तेलाने आपोआप पेट घेऊ शकतात. कोपर एका हातात सुधारलं. मांडी तीन दिवसांनी परत फिकी पडली, तिथे दुसरा हात द्यावा लागला. थरांच्या मध्ये रिटचिंग व्हार्निश (तात्पुरतं पातळ व्हार्निश) मारण्यापेक्षा हेच बरं.

कारभाऱ्याच्या हातातली बिलं मात्र झकास जमली. टिटॅनियम पांढऱ्यात नेपल्स यलोचा (फिका पिवळा) कण, 2 नंबरचा सपाट ब्रश, प्रत्येक कागदाला एकच फटकारा. मागच्या खोलीतल्या पडद्याआडच्या चित्रातलं उघडं पाऊलही दोन ठिपक्यांत उभं राहिलं.

तिसरा थर आयव्हरी ब्लॅकचा ठरला होता. पण तेल लागताच कोटाच्या घड्यांत खालचा अंबर उबदार झळकला, आणि तो झाकणं चुकीचं वाटतं. त्याऐवजी प्रशियन ब्लू आणि बर्न्ट अंबरचं पातळ ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसू देणारा पारदर्शक थर. हा निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला, म्हणजे 1743च्या आसपासच्या या चित्राच्या काळाशी विसंगत नाही. काडेपेटीच्या गुलाएवढाच घ्यायचा, नाहीतर सगळा कोट निळा होतो. आधी त्याच जेसोच्या तुकड्यावर चाचणी. घड्याळ आणि त्यावरचं मांजर तोवर थांबेल.

मूळ चित्र 69.9 × 90.8 सेंमी, त्यामुळे 14 × 18 इंचांवर निम्मी प्रत जवळपास तंतोतंत बसते. मालिकेतल्या पुढच्या चित्राला हाच आकार, फक्त जेसोवर आधी राखाडी ऑइल प्रायमरचा एक पातळ हात आणि आठवडाभर वाळवण.