लोणंद ते फलटण, काकूंची पिशवी घेऊन

आधीच सांगतो, मी वारकरी नाही, आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, राहायला साताऱ्यात. पण शेजारच्या काकूंचा गुडघा यंदा कुरकुरत होता आणि त्यांच्या पोराला पुण्यात सुट्टी मिळेना, मग काकू म्हणाल्या तूच चल की रं माऊलींच्या वारीला, दोन दिवस पिशवी धरायला, आणि मी गेलो.

पहिला दिवस सोपा, लोणंद ते तरडगाव आठेक किलोमीटर. मध्ये चांदोबाचा लिंब, तिथं पहिलं उभं रिंगण. दोन्ही बाजूला दिंड्या आणि मधून दोन घोडे सुटतात, एकावर स्वार, दुसरा माऊलींचा, त्याच्यावर कुणीच बसत नाही. घोडे गेले की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड. काकू गुडघा विसरून वाकल्या, उठवायला मग मी.

मला मात्र संध्याकाळची समाज आरती जास्त भिडली. एवढे टाळ वाजतायत आणि चोपदारांनी दंड वर केला की सगळं चिडीचूप. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, तिचं ऐकून घेतात मग पुढचं. आमच्या चर्चच्या कमिटीत हे चालू करायला पाहिजे राव.

परकं वाटलं का म्हणाल तर नाही. आमच्याकडे पण पेटी, तबला, टाळ घेऊन भजनं म्हणतात. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 साली साताऱ्यातच देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला होता, आणि तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे, हे आजोबांकडून इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय.

दुसऱ्या दिवशी तरडगाव ते फलटण, वीसेक किलोमीटर, पावसाचा पत्ता नाही, नुसती घामाची चिकचिक. टँकरपाशी बाटल्या भरायला लाईनीत उभे होतो तेव्हा काकूंनी विचारलं, "तुमच्यात मन भरतं का रं? मी 14 वर्षं चालतीय. हितं लई भरून येतं बघ, पण घरी गेलं की आठ दिवसांत परत तीच किटकिट."

म्हटलं काकू माझं पण तेच होतं. कॉलेजात असताना युवकांच्या शिबिराला जायचो, शेवटच्या रात्री रडून प्रार्थना, आता आयुष्य बदललं असं वाटायचं, आणि पंधरा दिवसांत बॅटरी डाऊन. मग पुढचं शिबिर. नंतर आई आजारी पडली, मिरजेला दवाखान्यात तीन आठवडे काढले, रात्री कॉरिडॉरमध्ये बाकड्यावर बसून असायचो आणि प्रार्थनेला शब्दच यायचे नाहीत. पवित्र शास्त्र उघडलं तर योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय निघाला, लहानपणापासून ऐकलेला. पण त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की येशू पण चालून चालून दमलाय, भर दुपारी विहिरीवर टेकलाय आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईकडे स्वतःच पाणी मागतोय. आणि तिलाच सांगतोय की हे पाणी प्यालीस तर परत तहान लागणार, मी देईन ते आतून झऱ्यासारखं वाहत राहील. मला त्या वेळी काही भरून वगैरे आलं नाही. नुसतं वाटलं, हा इथं बाकड्यावर शेजारीच बसलाय. आई त्यातनं उठली नाही. पण तो शेजारी बसलेला काही उठून गेला नाही काकू, आज नऊ वर्षं झाली. चिडचिड होते, भांडणं होतात, प्रार्थनेत झोप पण लागते, पण आता काही कमी पडतंय म्हणून पुढच्या शिबिराची वाट बघत नाही.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मागची एक आजी म्हणाली माऊली सरका की पुढं, तसे सरकलो.

"मग त्या बाईचं काय झालं?"

म्हटलं ती घागर तिथंच टाकून गावात पळाली, सगळ्यांना सांगायला.

"भरलेली?"

"ते नाही लिहिलेलं."

"पितळेची आसंल तर कुणीतरी उचलली आसंल बघ," काकू म्हणाल्या, आणि दोन्ही बाटल्या माझ्या हातात देऊन डोक्यावरचा पदर सारखा करत चालू लागल्या.