जीआरईचा स्कोअर पाठवताना घातलेला घोळ (माझा अनुभव)

जीआरईचा (अमेरिकेत एमएस वगैरेला अर्ज करताना द्यायची परीक्षा) अभ्यास कसा केला, शब्द कसे पाठ केले, यावर सगळे भरभरून लिहितात. पण परीक्षा झाल्यावर तो स्कोअर युनिव्हर्सिटीपर्यंत पोचवायचा असतो आणि त्यातसुद्धा माणूस व्यवस्थित तोंडावर आपटू शकतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

मी मालवणजवळच्या एका गावातली. रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात बी.एफ.एस्सी. केलं आणि २०२५ च्या फॉलसाठी (म्हणजे ऑगस्टच्या सुमारास सुरू होणारं सत्र) अमेरिकेत ॲक्वाकल्चरमध्ये, म्हणजे मत्स्यशेतीत, एमएसला अर्ज करायचं ठरवलं. आमच्या विषयात आता बऱ्याच डिपार्टमेंटनी जीआरई मागणंच बंद केलंय, २०२० नंतर तर धडाधड केलं, पण मला आवडलेल्या काही ठिकाणी अजून मागत होते, आणि म्हटलं स्कोअर असलेला बरा, पाच वर्षं चालतो.

परीक्षेची तारीख घेताना मी कॅलेंडर बघितलं पण गणपती बघितले नाहीत. १४ सप्टेंबर २०२४, शनिवार, मुंबईचं सेंटर. आणि त्या वर्षी गौरी-गणपतीचं विसर्जन १२ ला. म्हणजे सगळे चाकरमानी ज्या दिवशी परत निघणार त्याच गर्दीत मी. तेव्हा रेल्वेचं बुकिंग १२० दिवस आधी उघडायचं, गणपतीतली तिकिटं मिनिटांत संपतात हे आमच्याकडे शेंबड्या पोराला पण माहीत असतं, आणि मी परीक्षेची तारीखच ऑगस्टमध्ये घेतलेली. तुतारी, कोकणकन्या, मांडवी सगळीकडे वेटिंग. घरून पण परीक्षा देता येते, पण त्याला खोलीत एकटं बसायचं, दार बंद, मध्ये कोणी डोकावलं तरी पंचाईत, आणि आमच्याकडे पावसात जरा वारा सुटला की लाईट जाते, त्यामुळे तो विषयच नाही. शेवटी विसर्जन आटपून त्याच रात्री एसटीने निघाले, मांडीवर आईने दिलेला घावण्यांचा डबा आणि हातात एक चिठ्ठी.

ती चिठ्ठी महत्त्वाची. प्रत्येक युनिव्हर्सिटीला चार आकडी कोड असतो, उदाहरणार्थ ऑबर्नचा १००५, फ्लोरिडाचा ५८१२. मी चार ठिकाणं पक्की करून त्यांची नावं आणि कोड लिहून घेतले होते आणि हायवेच्या खड्ड्यांत आपटत पाठ करत होते, कारण सेंटरमध्ये स्वतःचा कपटासुद्धा आत नेऊ देत नाहीत. खिसे उलटे करून दाखवायला लावतात, चष्मा काढून तपासतात. मग चिठ्ठी कुठून नेणार.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. सप्टेंबर २०२३ पासून ती छोटी झालीय, दोन तासांच्या आत संपते. खरी गंमत शेवटचं उत्तर दिल्यावर सुरू होते. आधी विचारतात स्कोअर ठेवायचा की रद्द करायचा, मग व्हर्बल (इंग्रजी) आणि क्वांटचे (गणित) आकडे समोर येतात (माझे १५४ आणि १६१, निबंधाचे मार्क नंतर कळतात), आणि मग विचारतात की हा स्कोअर कुठे पाठवायचा. चार ठिकाणी फुकट. पण ते तिथेच, त्याच खुर्चीत बसून निवडायचं. खुर्चीतून उठलात की फुकटचं संपलं, नंतर प्रत्येक ठिकाणाचे वेगळे पैसे. आणि हा प्रश्न येतो तेव्हा डोकं पार शिजलेलं असतं, १६१ बघून मी तर हवेत होते, शेजारी कोणीतरी धाडधाड टाईप करतंय, बाहेर जाऊन कधी एकदा आत्याला फोन करते असं झालेलं.

यादीतून नाव निवडायचं होतं. पहिली दोन बरोबर निवडली. तिसऱ्याच्या वेळी सारखी दिसणारी नावं एकाखाली एक होती आणि मी वरचं टिचकलं. चौथ्या ठिकाणी जीआरई लागतच नव्हती हे मला नंतर कळलं, ते सोडा.

रात्री भांडुपला आत्याकडे जेवताना एकदम डोक्यात आलं की त्या तिसऱ्या नावाच्या शेवटी कुठल्यातरी शहराचं नाव होतं. माझ्या युनिव्हर्सिटीच्या नावाला तसलं शेपूट नाही. हातातला घास हातातच. दहा दिवसांनी अधिकृत स्कोअर अकाउंटवर दिसायला लागला तेव्हा खात्री झाली, त्याच युनिव्हर्सिटीचा दुसऱ्या गावातला कॅम्पस, कोड वेगळा, ॲडमिशन ऑफिस वेगळं, आणि मत्स्यविज्ञान तिथे नावालाही नाही. एकदा गेलेला रिपोर्ट परत फिरवता येत नाही. माझा स्कोअर कुठल्या तरी अनोळखी ऑफिसात सुखाने पडलाय अजून. कोड पाठ केले आणि निवडताना बघितलं नाव, याला काय म्हणायचं.

मग आलं जादाचा रिपोर्ट पाठवणं. त्या वेळी एका ठिकाणाचे ३५ डॉलर होते, म्हणजे जवळपास तीन हजार. बाबांना सांगितलं तर पडवीत जाळं शिवत बसले होते, मान वर न करता म्हणाले, "काय गो, परीक्षा दिलंस मां? मगे आता परत पैसे कित्याक?"

म्हटलं, मार्क पाठवायचे पैसे.

"मार्क काय इमानान जातत?"

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. खरं सांगायचं तर अजून नाहीये, सगळं कॉम्प्युटरवरूनच तर जातं.

पैसे भरण्याचं पण एक नाटक झालं. माझं डेबिट कार्ड तीनदा नाकारलं. खात्यात पैसे होते, पिन बरोबर होता. कारण असं की रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्डावर परदेशातले व्यवहार मुळात बंदच असतात, आपण बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करायचे असतात. ते केलं तर पुढचा अडथळा ओटीपी. आमच्या घरात रेंज येत नाही, गडग्यावर (कुंपणाच्या दगडी भिंतीवर) चढून काजूच्या बाजूला उभं राहिलं की येते. लॅपटॉप पडवीत, फोन गडग्यावर. ओटीपी आला, मी वरून ओरडून आकडे सांगतेय, भाऊ खाली टाईप करतोय, त्याने ६ च्या जागी ९ टाकला. परत पहिल्यापासून. चौथ्या वेळी झालं. यावेळी नावाबरोबर शहर, राज्य आणि कोड असं तिन्ही भावाकडून मोठ्याने वाचून घेतलं, तो वैतागला पण वाचलं त्याने.

या जादाच्या रिपोर्टमध्ये एक फायदा असतो. परीक्षेच्या दिवशी फक्त आत्ताचा स्कोअर पाठवा किंवा पाच वर्षांतले सगळे पाठवा एवढंच निवडता येतं, नंतर पाठवताना मात्र दोनतीनदा परीक्षा दिली असेल तर कुठल्या तारखेचा पाठवायचा ते आपण ठरवायचं. मी एकदाच दिलेली त्यामुळे मला काही फरक नव्हता.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले. तो म्हणजे आपलं नाव.

माझ्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात माझं नाव आणि बाबांचं नाव एकत्र आहे, आणि आडनाव वेगळं. आपल्याकडे बहुतेकांचं असंच असतं. जीआरईचं अकाउंट पासपोर्टप्रमाणेच काढावं लागतं, नाहीतर सेंटरवरून परत पाठवतात. म्हणजे तिथे माझं पहिलं नाव झालं दोन शब्दांचं. युनिव्हर्सिटीच्या फॉर्ममध्ये मात्र पहिलं, मधलं, शेवटचं असे तीन रकाने, तर मी शहाणपणाने बाबांचं नाव मधल्यात टाकलं. शिवाय ईमेल पण दोन्हीकडे वेगळे. झालं, माझ्या अकाउंटवर 'पाठवला' आणि युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर 'मिळाला नाही'. नोव्हेंबरचा अख्खा शेवटचा आठवडा मी ती दोन पानं आलटूनपालटून उघडून बघत बसले. डेडलाईन १ डिसेंबर.

मला वाटत होतं परत तीन हजार भरून परत पाठवावा लागणार. कॉलेजातल्या एका सिनियर ताईने फोनवर झापलं, म्हणाली आधी मेल कर बावळट. मेलमध्ये पूर्ण नाव दोन्ही पद्धतीने लिहिलं, जन्मतारीख, जीआरईचा रजिस्ट्रेशन नंबर, अर्जाचा नंबर, परीक्षेची तारीख, आणि स्कोअरची पीडीएफ जोडली. ती पीडीएफ अधिकृत धरत नाहीत पण शोधायला मदत होते. दोन दिवसांनी उत्तर आलं, स्कोअर केव्हाच आलाय, नाव जुळलं नाही म्हणून बाजूला पडला होता, आता हाताने जोडलाय. एवढंच. ना दंड ना काही.

डेडलाईनवरून आठवलं, १ डिसेंबरची रात्र ११:५९ म्हणजे तिथली. ईस्टर्न टाईम असेल तर आपल्याकडे २ तारखेच्या सकाळचे १०:२९. माझा अर्ज सकाळी नऊला गेला, आई म्हणत होती कालच संपली ना तारीख.

टोफेलचं (ती इंग्रजीची वेगळी परीक्षा) उलटं आहे बरं का. तिथे फुकटची चार ठिकाणं परीक्षेच्या आदल्या रात्री दहाच्या आत निवडायची असतात, स्कोअर बघून नाही. आणि तो दोनच वर्षं चालतो. जीआरईसारखंच असेल म्हणून मी निवांत होते, आदल्या रात्री साडेनऊला त्या सिनियर ताईचाच मेसेज आला म्हणून वाचले.

आणि पैसे वाचवायचे असतील तर आधी प्रत्येक डिपार्टमेंटचं पान नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी अर्ज करताना आपणच आकडे लिहिलेले चालतात, अधिकृत रिपोर्ट ॲडमिशन मिळाल्यावर मागतात. माझ्या यादीत अशा दोन होत्या. त्यातल्या एकीला मी फुकटातला रिपोर्ट आधीच पाठवून बसले होते.

परवा चुलतभावाचा नवा पासपोर्ट आला. घरात सगळे त्याचा फोटो बघून हसत होते. मी आधी नावाचे रकाने बघितले. एजंटने आडनावाचा रकाना रिकामा ठेवून तिन्ही नावं गिव्हन नेममध्ये कोंबलीयत. त्याला अजून काही बोललेले नाही, सुरमई संपली की सांगते.