साबण्या सॅमच्या पायथ्याशी

इंग्लंडमधली जुनी यात्रेची पायवाट, विंचेस्टर ते कँटरबरी, सुमारे 190 किलोमीटर. कुठल्या दिवशी काय झालं ते आता नीट सांगता येणार नाही. फार्नहॅम, गिल्डफर्ड, सेंट मार्थाची टेकडी एकामागून एक गेली. कँटरबरीला दर्शनाची रांगच नव्हती, त्याचंच चुकल्यासारखं वाटलं.

लक्षात राहिली ती गॉमशॉलच्या पुढची दुपार. टाचेवरचा फोड फुटून मोजा चिकटला होता. आळंदीहून निघालं की कुणीतरी हातात टाळ देतं, पाय आपोआप पडतात. इथे चुनखडीचा चिखल, आणि पुढे भाऊजी फोनवर मैल मोजत: "वहिनी, अजून सव्वाचार!" मी 'ज्ञानोबा माउली तुकाराम' म्हणत होते, तेही दात-ओठ खात.

अबिंजरच्या रानात ग्रॅनाइटचा क्रूस दिसला. पायथ्याशी बसकण मारली, बूट-मोजा काढला. बिशप सॅम्युएल विल्बरफोर्स 19 जुलै 1873 ला इथे घोड्यावरून पडून वारला. मी जीवशास्त्र शिकवलेली बाई. माझ्या लेखी हा म्हणजे 1860 साली ऑक्सफर्डला डार्विनच्या उत्क्रांतीवादाचा पाठीराखा हक्सली याला 'माकड आजोबांकडून की आजीकडून?' असं विचारणारा (विचारलं म्हणतात, नेमके शब्द कुणी टिपले नाहीत). बाप गुलामगिरीविरुद्ध लढलेला विल्यम विल्बरफोर्स. हा ऑक्सफर्डचा बिशप 24 वर्षं, मग विंचेस्टरचा. म्हणजे मी निघाले ते देऊळ याचंच, फार्नहॅमचा वाडाही याचाच. बोलणं गुळगुळीत, म्हणून लोक 'साबण्या सॅम' म्हणत. डार्विनवर त्यानं केलेली टीका मात्र खुद्द डार्विनलाही हुशारीची वाटली होती. आणि गंमत बघा, इथल्याच अबिंजर हॉलमध्ये पुढे डार्विन गांडुळं बघायला येऊन राहायचा.

बायको 1841 मध्ये गेली, तेव्हा हा 35 वर्षांचा. पुन्हा लग्न केलं नाही. ससेक्समध्ये तिच्याशेजारीच पुरलाय. हे आठवलं आणि उगाच घसा दाटला. कदाचित फोडामुळेही असेल.

कुत्र्याला फिरवणारी एक आजी थांबली. कुत्र्याच्या पंजासाठी ठेवलेली पट्टी तिनं खिशातून काढली, गवतात गुडघे टेकले आणि माझी टाच धरली. मी पाय ओढत मराठीतच ओरडले, "अहो, पाय नका धरू!" वारीत कुणी पाय चेपायला बसलं की माझं हेच व्हायचं. तिला शब्द कळला नसणार. दटावून तिनं पाय परत मांडीवर घेतला.

"वहिनी, अजून सव्वातीन!" भाऊजींची हाक आली.

कुत्रा तोवर माझा मोजा घेऊन क्रूसामागे पळाला होता.