तुम्ही विचारलंत म्हणून: एक आला तरी तलवार का सुटत नाही

नवा खेळाडू पहिल्यांदा नौपाड्याला आमच्या घरी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला येतो, डी-ट्वेंटीवर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, त्याला एक पडतो आणि तो श्वास रोखून माझ्याकडे बघतो. आता तलवार हातातून सुटणार, नाहीतर धनुष्याची दोरी तुटणार. मी म्हणते, "वार चुकला. पुढे कोण?" मग रात्री चपला घालता घालता प्रश्न येतोच: सगळीकडे फम्बल, म्हणजे एक पडला की अशी फजिती, असतो, तुझ्याच टेबलावर का नाही?

"पुस्तकात नाही म्हणून," असं मी आजवर सांगत आले. ते खोटं नाही. पाचव्या आवृत्तीत एक आला तर वार हमखास चुकतो, एवढंच आहे. पण हे काही उत्तर नव्हे, कारण पुस्तकाबाहेरच्या कितीतरी गोष्टी मी चालवते. २०१४च्या पुस्तकात औषधाची बाटली प्यायला अख्खी ॲक्शन, म्हणजे त्या पाळीतली मुख्य कृती, जायची. आम्ही ती पहिल्याच वर्षी बोनस ॲक्शन, म्हणजे जोडीची छोटी कृती, केली. २०२४च्या सुधारित पुस्तकात तेच आलं, तेव्हा मला घरचं कोणी पास झाल्यासारखा आनंद झाला होता. घरचे नियम वाईट असतात असं मी कधीच म्हटलेलं नाही. आमच्या सोसायटीच्या आवारात एक टप्पा एक हात आउट होता, आणि तळमजल्याच्या काचेला बॉल लागला तरी आउट. जागा अरुंद होती, काचा खऱ्या होत्या. त्या नियमांना कारण होतं.

फम्बल एकेकाळी माझ्याही टेबलावर होता. त्याला कारण नव्हतं. त्याला आवाज होता. एक पडला की सहाही जण ओरडायचे, कोणीतरी उभं राहायचं, खालच्या काकू फोन करायच्या. वहीच्या मागच्या पानावर मी सहा ओळींचा तक्ता केला होता: एक आला की डी-सिक्स, म्हणजे सहा बाजूंचा फासा, टाकायचा आणि त्या आकड्याची ओळ लागू. सहावी ओळ होती, "वार शेजारच्या साथीदाराला लागतो." ती लिहिताना मला फार मजा आली होती, हे मी लपवत नाही.

त्या रविवारी पुलावरची लढाई होती. कळव्याहून येणारी माझी मैत्रीण फायटर खेळायची, अकराव्या लेव्हलची. तिचा धाकटा भाऊ, तेव्हा अकरावीत, 'रोग' (rogue), म्हणजे चोरपावलांनी लढणारा, खेळायचा. त्याचं कॅरॅक्टर, जीवाचे पॉइंट शून्यावर येऊन, बेशुद्ध पुलावर पडलं होतं आणि एक डेथ सेव्ह, म्हणजे जगतो की मरतो याचा फासा, फेल झाला होता. तीन फेल म्हणजे मरण. तिला मागे राहून बाण मारता आले असते. ती पुढे आली, भावाच्या अंगावर कोणी येऊ नये म्हणून त्याला खेटून उभी राहिली आणि तलवार काढली. अकराव्या लेव्हलला एका पाळीत तीन वार. दोन लागले. तिसऱ्याला एक पडला.

डी-सिक्सवर सहा.

सगळे ओरडले, नेहमीसारखेच. मग एकेक जण गप्प होत गेला, कारण प्रत्येक जण मनात मोजत होता. बेशुद्ध माणसाला पाच फुटांच्या आत वार लागला की तो क्रिटिकल, म्हणजे जबर वार. शून्यावर असताना क्रिटिकल म्हणजे दोन फेल. आधीचा एक. तीन. क्लेरिकची, म्हणजे मंत्राने बरं करणाऱ्या पुजाऱ्याची, पाळी तिच्या लगेच नंतर होती. त्याच्याकडे मंत्र शिल्लक होता, एका मिनिटाच्या आत माणूस उठवता आला असता. पण त्याला ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, आणि माझ्या जगात हिरे बाजारात मिळत नाहीत, हा माझाच दुसरा नियम. मरणाला वजन असावं म्हणून केलेला. दोन्ही नियम वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या हौसेने केले होते. एकाच पुलावर ते एकत्र येतील, हा विचारच मी केला नव्हता.

भावाने आपल्या कॅरॅक्टरच्या शीटची नीट चौघडी केली. चिडला नाही. "ताई, मला पाणी देशील?" एवढंच म्हणाला. मैत्रीण मला म्हणाली, "मी चौथ्या लेव्हलला असते तर एकच वार असता. तो वाचला असता."

ते दोघं निघून गेल्यावर मी कागद घेऊन बसले. एका वारात एक पडण्याची शक्यता ५ टक्के. दोन वारांत पावणेदहा. तीन वारांत १४ टक्क्यांच्या वर. विसाव्या लेव्हलला चार वार, म्हणजे साडेअठरा. जो जितका तरबेज, तो दर फेरीला तितका जास्त वेळा अडखळतो. आणि आगीचा गोळा टाकणारा विझार्ड? त्याला फासाच टाकावा लागत नाही, टाळायचा फासा समोरचे टाकतात. इतकी वर्षं मी मुख्यतः शस्त्राने लढणाऱ्यांना शिक्षा करत होते आणि त्याला धमाल म्हणत होते. हे गणित आठवीतल्या मुलालाही येतं. मी ते एकदाही केलं नव्हतं.

मग तुम्ही पुढचं विचारता: तेव्हाच्या तेव्हा रद्द का नाही केलंस? डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, तूच होतीस ना?

होते. पण वर्षभर आधी त्याच सहाव्या ओळीने डोंबिवलीच्या एका मित्राचा बार्ड, म्हणजे गाणारं कॅरॅक्टर, मेला होता, आणि आम्ही पोट धरून हसलो होतो. तोही हसला होता. मुलगा हिरमुसला म्हणून नियम मागे घेतला असता, तर त्या मित्राला मी काय सांगणार होते? तुझं मरण गंमत होती, याचं नाही? फासा टेबलावर पडल्यानंतर नियमाला हात लावायचा नाही, हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते. बदल करायचा तो दोन सेशनच्या मधे, सगळ्यांना विचारून. पुढच्या रविवारी तसंच केलं. फम्बल गेला, हिरेही बाजारात आले. त्याचं कॅरॅक्टर मात्र परत आलं नाही. मी देऊ केलं होतं. त्यानेच नको म्हटलं.

हे तत्त्व होतं की हट्ट, हे मला अजून ठरवता येत नाही. मैत्रिणीने एकदा तलावपाळीला चालताना सरळ विचारलं, "एका रात्रीपुरता नियम मोडला असतास तर काय बिघडलं असतं?" मी डोंबिवलीचा मित्र सांगितला. ती म्हणाली, "त्याला विचारलं होतंस?" नव्हतं विचारलं.

आणि तो आवाज गेला, हेही खरं. गेल्या रविवारी घोडबंदरहून आलेल्या नव्या मुलाला एक पडला. त्याने फासा उचललाच नाही, आशेने माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "वार चुकला. पुढे कोण?" त्याचा चेहरा पडला. तक्ता त्याच वहीत, मागच्या पानावर आहे. मी तो अजून फाडलेला नाही.